एका हंगामाचे नायक: बेसबॉलमधील घसरणीची पार्श्वभूमी

१९७६ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटचा पिचर (चेंडू फेकणारा) मार्क फिड्रिच २१ वर्षांचा होता. त्या हंगामात त्याने १९ सामने जिंकले, ९ हरले, २.३४ च्या ईआरएने (दर नऊ इनिंगमागे, म्हणजे डावांमागे, पिचरच्या खात्यात लागलेल्या धावा; कमी तेवढे चांगले) अमेरिकन लीगमध्ये (दोन मोठ्या लीगपैकी एक, दुसरी नॅशनल) पहिला क्रमांक मिळवला आणि २४ सामन्यांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानेच पिचिंग केले. पुढच्या चार हंगामांत मिळून त्याच्या नावावर १० विजय लागले. १९८० मध्ये क्लीव्हलंडच्या जो शार्बनोने .२८९ ची सरासरी (अधिकृत संधींपैकी किती वेळा हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारा फटका, लागला), २३ होम रन (मैदानाबाहेर गेलेले फटके) आणि ८७ आरबीआय (त्याच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावा) अशी कामगिरी केली. त्यानंतर मोठ्या लीगमध्ये त्याला आणखी सहाच होम रन मारता आले. दोघेही आपापल्या वर्षाचे सर्वोत्तम नवोदित. ‘दुसऱ्या वर्षाचा शाप’ ही समजूत या दोघांच्या आधीची आहे, पण ती पक्की झाली ती यांच्यामुळे.

या समजुतीने खेळाडूंचे फार नुकसान केले आहे. घसरणीचे खापर डोक्यात गेलेल्या हवेवर, पार्ट्यांवर, आळसावर फोडले गेले. खांद्यात फाटलेला स्नायू, मधल्या काळात बदललेला चेंडू आणि आदल्या वर्षी मिळालेली नशिबाची साथ, या गोष्टी बघायच्या राहूनच गेल्या. घसरण झालेल्या बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत ती कुठून येणार हे चमकदार हंगामाच्या आकड्यांतच वाचता येते. ते वाचायची साधने मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली आहेत.

जुने दाखले

एकोणिसाव्या शतकातल्या घसरणींत नियमांचा हात मोठा. नॅशनल लीगच्या पहिल्याच हंगामात, १८७६ मध्ये, शिकागोच्या रॉस बार्न्सने .४२९ ची सरासरी राखली. मैदानाच्या आत टप्पा पाडून चेंडू फाउल रेषेबाहेर (बाजूच्या हद्दीबाहेर) वळवण्यात त्याचा हातखंडा होता आणि तेव्हा असा चेंडू वैध धरत. १८७७ मध्ये नियम बदलला. बार्न्स त्या वर्षी २२ सामने खेळला आणि सरासरी .२७२ वर आली. मात्र त्या उन्हाळ्यात तो तापाने आजारीही होता, त्यामुळे सगळा दोष नियमाला देता येत नाही.

१८८४ मध्ये फ्रेड डनलॅपने युनियन असोसिएशन या नव्या लीगमध्ये .४१२ आणि १३ होम रन केले. पुढच्या वर्षी त्याचा सेंट लुइसचा संघ नॅशनल लीगमध्ये आला आणि त्याची सरासरी .२७० झाली. डनलॅप बिघडला नव्हता, समोरचे पिचर बदलले होते. त्या लीगमधले कित्येक संघ हंगाम संपायच्या आत बंद पडले. तरी १९६० च्या दशकाच्या अखेरीस नोंदी तपासणाऱ्या समितीने तिला ‘मोठी लीग’ म्हणून मान्यता दिली आणि .४१२ हा आकडा अधिकृत यादीत जाऊन बसला. तो तिथे नसायला हवा होता.

हॅक विल्सनचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. १९३० मध्ये शिकागोसाठी .३५६, ५६ होम रन आणि १९१ आरबीआय, १९३१ मध्ये .२६१, १३ होम रन आणि ६१ आरबीआय. (आरबीआयचा विक्रम ६९ वर्षे १९० असाच छापला जात होता. एका सामन्यातली नोंद चुकून सहकाऱ्याच्या खात्यात गेल्याचे सिद्ध झाल्यावर १९९९ मध्ये तो १९१ झाला.) विल्सन दारू पीत असे हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून घसरणीचे कारणही लगेच ठरून गेले. पण १९३१ साठी नॅशनल लीगने चेंडूचे आवरण जाड केले आणि शिवण उठावदार केली, जेणेकरून पिचरला चेंडू घट्ट पकडता यावा आणि तो कमी उडावा. लीगची सरासरी .३०३ वरून .२७७ वर आली. होम रन ८९२ वरून ४९३ झाले. फ्लाय (उंच मारून झेलबाद झालेल्या) चेंडूवर धावणारा पुढच्या बेसवर सरकला तर बॅटरच्या खात्यात संधी न धरण्याची सवलतही त्याच वर्षी गेली. विल्सनचे ५६ होम रन लीगच्याच प्रमाणात घटले असते तर ३१ झाले असते. म्हणजे ४३ पैकी २५ होम रनांची घट केवळ चेंडूने समजावता येते. उरलेल्या १८ मध्ये दारू आली, दुखापती आल्या आणि चेंडू सोडून देण्याचे सतत इशारे देणारा नवा व्यवस्थापकही आला. शिवाय तो त्या वर्षी ११२ च सामने खेळला.

नॉर्म कॅशचे दोन हंगाम

या विषयातला माझ्या मते सर्वांत बोलका दाखला १९६१–६२ चा आहे. १९६१ मध्ये अमेरिकन लीग आठ संघांवरून दहा संघांवर गेली आणि सामने १५४ चे १६२ झाले. आदल्या वर्षी ज्यांना जागा मिळाली नसती असे पिचर दोन नव्या संघांतून खेळू लागले. त्या हंगामात डेट्रॉइटच्या नॉर्म कॅशने .३६१ ची सरासरी, ४१ होम रन आणि १२४ वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) मिळवून लीगचे फलंदाजीचे अजिंक्यपद जिंकले. १९६२ मध्ये तो .२४३ वर आला. तब्बल ११८ अंकांची (.००१ म्हणजे एक अंक) घसरण! पुढे सतरा हंगामांची कारकीर्द संपेपर्यंत त्याने .२८३ च्या वर कधी मजल मारली नाही.

आता दोन्ही हंगामांतला त्याचा खेळ सुटा करून बघा. होम रन ४१ आणि ३९. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणे) ८५ आणि ८२. वॉक १२४ आणि १०४. बॅटरच्या हातात असतात त्या गोष्टी जवळपास जिथल्या तिथे होत्या. मग बदलले काय? होम रन आणि स्ट्राइकआउट वगळून मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती चेंडू हिट झाले, एवढेच बदलले. हे मोजायचे सूत्र असे: एकूण हिटमधून होम रन वजा करा, मग अधिकृत संधींमधून स्ट्राइकआउट आणि होम रन वजा करून त्यात सॅक्रिफाइस फ्लाय (झेलबाद होऊनही सहकाऱ्याला धाव मिळवून देणारे फटके) मिळवा, पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. याला सगळे ‘बॅबिप’ म्हणतात. त्या काळी लीगचा बॅबिप .२८० च्या आसपास असे. कॅशचा १९६१ मध्ये .३७० होता आणि १९६२ मध्ये .२२० च्याही किंचित खाली. एक हंगाम कमाल नशिबाचा आणि लगेच दुसरा कमाल कमनशिबाचा. खरा कॅश दोन्हींच्या मध्ये होता, आणि कारकिर्दीअखेर त्याची सरासरी .२७१ भरली.

१९६१ संपल्यावर पुढचा अंदाज कसा करायला हवा होता? आज सर्वांत साधी मानली जाणारी पद्धत अशी आहे. मागच्या तीन हंगामांना ५, ४, ३ असे वजन द्या. त्यात लीगच्या सरासरीने खेळलेल्या १२०० काल्पनिक संधी मिसळा. मग वयाची दुरुस्ती करा: २९ पेक्षा लहान असेल तर दर वर्षामागे ०.६ टक्के वाढवा, मोठा असेल तर ०.३ टक्के घटवा. कॅशचे १९५९ (.२४०, थोड्याच संधी), १९६० (.२८६) आणि १९६१ हे हंगाम घेऊन, लीगची .२५६ ही सरासरी मिसळली की वयाच्या दुरुस्तीआधी उत्तर साधारण .३१३ येते. म्हणजे ११८ पैकी ४८ अंकांची घसरण १९६१ च्या शेवटच्या दिवशीच सांगता आली असती. बाकीच्या ७० अंकांत उलट फिरलेले नशीब बरेच आहे.

कॅशने आपण बॅट आतून पोकळ करून त्यात बूच भरत होतो, हे नंतर स्वतःच सांगितले, म्हणून कित्येकांना तेच कारण पुरेसे वाटते. प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या तेव्हा बुचाने चेंडू जास्त लांब जात नाही असे दिसले. बॅट हलकी होते आणि थोडी लवकर फिरते, एवढेच. .३७० च्या बॅबिपचा उलगडा त्याने होत नाही.

मध्याकडे परतणे

टोकाची नोंद झाली की पुढची नोंद मध्याच्या दिशेने सरकते, ही गोष्ट १८८६ मध्ये इंग्लंडमधील एका शास्त्रज्ञाने आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून दाखवली होती. बेसबॉलला ती लागू पडते हे कळायला शंभर वर्षे गेली. १९९९ ते २००१ या काळात एका हौशी अभ्यासकाने सर्वांना धक्का देणारा दावा केला: मैदानात पडलेला चेंडू हिट होतो की आउट, यावर बहुतेक पिचरांचे नियंत्रण फारच थोडे असते. पेद्रो मार्तिनेझच्या विरुद्ध बॅबिप १९९९ मध्ये .३२० च्या पुढे होता आणि २००० मध्ये .२४० च्या आसपास. दोन्ही हंगाम इतिहासातल्या उत्तम हंगामांत मोडतात, ईआरए २.०७ आणि १.७४. हा पिचर एका हिवाळ्यात चेंडू हळुवार मारून घेण्याची कला शिकला, असे कोणी म्हणणार नाही. पुढच्या संशोधनाने दावा थोडा सौम्य केला, कारण काही नकलबॉल (हवेत डगमगणारा संथ चेंडू) टाकणारे आणि उंच फ्लाय मारून घेणारे पिचर खरोखरच वेगळे निघाले. मूळ मुद्दा मात्र टिकला.

कुठला आकडा किती संधींनंतर मनावर घ्यावा, याचाही हिशेब पुढे झाला. बॅटरच्या स्ट्राइकआउटच्या प्रमाणात कौशल्याचा वाटा सुमारे ६० संधींत निम्म्यावर येतो. वॉकसाठी १२० आणि होम रनसाठी १७० च्या आसपास संधी लागतात. बॅबिपला मात्र मैदानात पडलेले सुमारे ८२० चेंडू लागतात, म्हणजे नियमित खेळणाऱ्याचे जवळजवळ दोन हंगाम. पिचरच्या बॅबिपला त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून फक्त सरासरी उंचावली असेल तर तो हंगाम परत येईल यावर भरवसा ठेवू नये. स्ट्राइकआउट घटून सरासरी वाढली असेल तर थोडा ठेवावा. २०१५ पासून प्रत्येक चेंडूचा बॅटवरून सुटण्याचा वेग आणि कोन मोजला जातो. त्यामुळे एका हंगामातल्या फटक्यांवरून किती हिट अपेक्षित होते हेही लगेच काढता येते. प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांत २५-३० अंकांचे अंतर दिसले की संघ सावध होतात. वेगवान धावपटूंच्या बाबतीत एवढे अंतर खरेही असू शकते, म्हणून ते बघताना पाय कसे आहेत हे आधी तपासावे लागते.

नवोदितांच्या बाबतीत निवडीचा परिणामही असतो, तो बहुतेक जण विसरतात. पुरस्कार मिळतो तो सर्वांत चांगले आकडे असणाऱ्याला, आणि सर्वांत चांगले आकडे येतात ते कौशल्य आणि नशीब दोन्ही एका बाजूला झुकल्यावर. पुरस्कार विजेत्यांचा गट घेतला की तो पुढच्या वर्षी सरासरीने खाली येणारच.

समोरचा पिचरही शिकतो

नशिबावरच सगळे ढकलणे ही दुसऱ्या टोकाची चूक. न्यूयॉर्कच्या केव्हिन मासने १९९० मध्ये मोठ्या लीगमध्ये आल्या आल्या २५४ संधींत २१ होम रन मारले. १९९१ मध्ये ५०० संधींत २३ आणि सरासरी .२२०. सिनसिनाटीच्या अरिस्तिदेस अकिनोने ऑगस्ट २०१९ या एकाच महिन्यात १४ होम रन मारले. त्यानंतरच्या तीन हंगामांत त्याची सरासरी .२०० ला कधी पोहोचली नाही.

अशा वेळी काय घडते ते ठरलेले असते. पहिल्या दोन फेऱ्यांत पिचर नव्या बॅटरला फास्टबॉल टाकून चाचपतो, कारण त्याच्याबद्दल माहिती कमी असते. मारा बसला की फास्टबॉलचे प्रमाण घटते. दोन स्ट्राइकनंतर स्लायडर (वळत खाली उतरणारा चेंडू) बाहेरच्या कोपऱ्याखाली पडू लागतो आणि स्ट्राइक झोनमध्ये (चेंडू वैध धरला जातो त्या पट्ट्यात) येणारे चेंडू कमी होतात. आता बॅटरपुढे दोनच मार्ग असतात: बाहेरचा चेंडू सोडायला शिकायचे, किंवा खाली पडणाऱ्या चेंडूवर बॅट फिरवत राहायचे. जो सोडायला शिकतो त्याला पुन्हा फास्टबॉल मिळू लागतात. जो शिकत नाही त्याचे स्ट्राइकआउट वाढतात आणि तो संघाबाहेर जातो. पूर्वी या चक्राला एक हंगाम लागे, कारण संघांचे निरीक्षक कागदावर टिपणे काढून पाठवत. आता व्हिडिओ आणि मोजमाप रोजच्या रोज मिळते आणि चार-सहा आठवडे पुरतात. हल्लीचे कित्येक नवोदित ‘दुसऱ्या वर्षी’ नव्हे, पहिल्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये घसरताना दिसतात ते यामुळे.

मैदान बदलल्यानेही एकच हंगाम उजळतो. डेव्ही जॉन्सनने १९७२ मध्ये बाल्टिमोरकडून ५ होम रन मारले, १९७३ मध्ये अटलांटाकडून ४३, आणि १९७४ मध्ये १५. अटलांटाचे मैदान समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर होते आणि तिथे चेंडू उडे. १९७३ मध्ये त्या एकाच संघाच्या तिघांनी ४० किंवा अधिक होम रन मारले. तरी १५ वर परत येणे एकट्या मैदानाने समजत नाही, कारण मैदान तेच होते.

ब्रॅडी अँडरसनचे १९९६ चे ५० होम रन (आधी १६, नंतर १८) आणि लुइस गोन्झालेझचे २००१ चे ५७ (आधी ३१, नंतर २८) यांच्यावर त्या काळामुळे कामगिरी वाढवणाऱ्या औषधांचा संशय आपोआप चिकटला. दोघांविरुद्ध असा पुरावा कधी पुढे आला नाही. फक्त आकडा उंच म्हणून आरोप करणे हे आकड्यांचे वाचन नव्हे. तशीच पद्धत लावायची तर कॅश आणि जॉन्सन यांनाही आरोपी करावे लागेल.

उलट बाजूने, पिचरांच्या बाबतीत १९६८–६९ बघण्यासारखे आहे. १९६३ मध्ये स्ट्राइक झोन खांद्यापर्यंत वाढवल्यावर धावा आटत गेल्या आणि १९६८ मध्ये दोन्ही लीग मिळून ईआरए २.९८ झाला. क्लीव्हलंडच्या लुइस टियांतने त्या वर्षी २१ सामने जिंकले, ईआरए १.६० आणि त्याच्याविरुद्ध बॅटरांची सरासरी .१६८. १९६९ मध्ये माउंडची (पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची) उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली, झोनही आकसला, आणि एकूण ईआरए ३.६१ वर गेला. टियांत ९ जिंकला, २० हरला, १२९ वॉक दिले. तो संपला असेच सगळे म्हणाले. पुढे खांद्यामागच्या हाडाला तडा गेला, संघ सुटले, आणि १९७२ मध्ये बॉस्टनकडून १.९१ च्या ईआरएने तो पुन्हा लीगमध्ये पहिला आला. एका वर्षाच्या घसरणीवरून माणूस निकालात काढू नये, याला याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

हात, आणि इनिंगची मर्यादा

पिचरच्या घसरणीत शेवटी प्रश्न येतो तो हाताचा. फिड्रिचच्या १९७६ च्या हंगामात नशीब होतेच: २५०⅓ इनिंगमध्ये फक्त ९७ स्ट्राइकआउट आणि सुमारे .२४५ चा बॅबिप. २.३४ चा ईआरए टिकणारा नव्हता. पण ५३ च वॉक देणारा पिचर बनावटही नव्हता. मार्च १९७७ मध्ये सरावात फ्लाय झेलताना त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली. मेअखेर तो परतला, चांगला खेळला, आणि जुलैत हात ‘मेला’. त्या हंगामात ८१ इनिंगमध्ये ईआरए २.८९ होता. खांद्याचा रोटेटर कफ (सांध्याभोवतीचे स्नायू) फाटल्याचे निदान झाले ते १९८५ मध्ये, तो निवृत्त झाल्यावर. मधली आठ वर्षे लोक त्याच्या मनाबद्दल तर्क करत राहिले.

पायाच्या दुखापतीनंतर खांदा जातो हा क्रम जुना आहे. १९३७ मध्ये डिझी डीनच्या पायाचे बोट मोडले, तो लवकर परतला, पाऊल नीट टेकवता येईना म्हणून फेक बदलली, आणि दंड गेला. चेंडूचा वेग पायांत आणि कमरेत तयार होतो. तिथे तूट आली की खांदा ती भरून काढतो.

त्याच १९७६ मध्ये बाल्टिमोरच्या वेन गार्लंडने २० विजय मिळवले होते. आधीच्या सगळ्या कारकिर्दीत त्याचे सात विजय होते. डिसेंबर १९७५ च्या लवादाच्या निकालाने खेळाडू संघ निवडायला नुकतेच मोकळे झाले होते. क्लीव्हलंडने त्याला दहा वर्षांसाठी सुमारे २३ लाख डॉलर दिले. पहिल्याच वसंतात खांदा दुखावला. एवढ्या पैशाला न्याय द्यायचा म्हणून तो तसाच खेळला आणि १९७७ मध्ये १३ जिंकून १९ हरला. १९७८ मध्ये रोटेटर कफची शस्त्रक्रिया झाली. क्लीव्हलंडसाठी पाच हंगामांत २८ विजय.

या घटनांतून तरुण पिचरांना जपण्याचा विचार पुढे आला. २००३ मध्ये शिकागोच्या मार्क प्रायरने २२ व्या वर्षी २११⅓ इनिंग, १८ विजय आणि २.४३ ईआरए असा हंगाम केला. सप्टेंबरमध्ये त्याने एकेका सामन्यात १३० च्या पुढेही चेंडू टाकले. २००६ नंतर तो मोठ्या लीगमध्ये दिसला नाही. बहुतेकांनी दोष चेंडूंच्या संख्येला दिला. पण जुलै २००३ मध्ये बेसवर धावताना झालेली टक्कर आणि २००५ मध्ये कोपरावर बसलेला सरळ फटका, हे दोन्ही त्यात धरायला हवेत.

तोवर एका क्रीडापत्रकाराचा ठोकताळा सर्वत्र पसरला होता: पंचविशीपर्यंतच्या पिचरच्या इनिंग एका वर्षात ३० पेक्षा जास्त वाढल्या तर पुढच्या वर्षी दुखापत किंवा घसरण ठरलेली. संघांनी तो खरा मानून वेळापत्रके आखली. त्यात एक मूलभूत दोष होता. कोणत्या तरुणाच्या इनिंग एकदम वाढतात? जो त्या वर्षी निरोगी राहिला आणि चांगला खेळला त्याच्याच. असे वर्ष हे स्वतःच टोकाची नोंद असते आणि त्यानंतर सरासरी आरोग्य आणि सरासरी कामगिरी परतणे स्वाभाविक आहे. वय आणि दर्जा जुळवून, इनिंग न वाढलेल्या पिचरांशी तुलना करून पाहिली तेव्हा ३० च्या रेषेला वेगळे महत्त्व उरले नाही.

२०१२ चा वॉशिंग्टनचा निर्णय या पार्श्वभूमीवर घेतला गेला आणि आजही त्यावर वाद संपलेला नाही. स्टीफन स्ट्रासबर्गच्या कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेल्या स्नायुबंधाच्या जागी नवा बसवणे) सप्टेंबर २०१० मध्ये झाली. २०११ मध्ये तो फक्त २४ इनिंग खेळला. २०१२ मध्ये साधारण १६० इनिंगनंतर थांबवायचे हे संघाने आधीच जाहीर केले होते. आदल्या वर्षी त्याच शस्त्रक्रियेतून परतलेल्या जॉर्डन झिमरमनला १६१⅓ वर थांबवले होते आणि तो पुढच्या वर्षी उत्तम खेळत होता. अडचण एवढीच झाली की या वेळी संघ ९८ सामने जिंकत होता. स्ट्रासबर्गचे १५ विजय, ६ पराभव, ईआरए ३.१६, १९७ स्ट्राइकआउट. ७ सप्टेंबरला तीन इनिंग टाकून तो १५९⅓ वर थांबला. महिन्याभराने, ऑक्टोबरच्या बाद फेरीत, संघ सेंट लुइसविरुद्ध पाचव्या सामन्यात ६-० अशा आघाडीवरून ९-७ ने हरला आणि बाहेर पडला.

विरोधकांचा मुद्दा असा की अशी संधी पुन्हा येईल याची खात्री नव्हती, आणि १६० या आकड्यामागे वैद्यकीय पुरावा नव्हता. दुसरा भाग खरा आहे. १५५ किंवा १८० का नको, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. समर्थकांचा मुद्दा असा की जेमतेम दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या नव्या स्नायुबंधावर वर्षाचा सर्वांत ताणाचा महिना टाकणे हा जुगार होता. मला समर्थकांची बाजू अधिक पटते, मात्र आकड्यामुळे नव्हे. ऑक्टोबरसाठी त्याला राखायचे तर एप्रिलमध्ये उशिरा सुरू करता आले असते, किंवा मधे दर दहा दिवसांनी खेळवता आले असते. संघाने सलग खेळवून मग थांबवले. चूक असलीच तर ती आखणीत होती, काळजी घेण्यात नव्हती. न्यूयॉर्कच्या मॅट हार्वीला २०१५ मध्ये, त्याच शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या हंगामात, १८० च्या मर्यादेवर भांडण होऊनही थांबवले नाही. अंतिम मालिकेसह त्याच्या २१६ इनिंग झाल्या. २०१६ मध्ये तो ४-१०, ईआरए ४.८६, आणि जुलैत खांद्याजवळच्या नसा दबल्यामुळे शस्त्रक्रिया. हेही मर्यादेच्या बाजूचा पुरावा म्हणून देतात, पण तो आजार कोपराच्या स्नायुबंधाचा नाही.

स्ट्रासबर्गने पुढे २०१९ मध्ये २०९ इनिंग आणि १८ विजय मिळवले, नंतर ऑक्टोबरमध्ये पाच सामने जिंकून अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग सात वर्षांचा २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला आणि त्यात तो एकूण ३१⅓ इनिंग टाकू शकला. दोन्ही बाजू या एकाच कारकिर्दीचा दाखला देतात.

दरम्यान इनिंग कमी होऊनही हात वाचलेले नाहीत. २०२२ ते २०२४ या हंगामांत तीसही संघांनी मिळून एका वर्षात पूर्ण केलेले सामने चाळिशीच्या आत राहिले, आणि कोपराच्या शस्त्रक्रिया वाढल्या. डिसेंबर २०२४ मध्ये लीगने प्रसिद्ध केलेल्या अहवालात दोष वेगाच्या हव्यासाला दिला आहे: फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२. प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकणारा पिचर १६० इनिंगमध्ये जे सोसतो ते १९७६ च्या २५० शी मोजताच येत नाही. यामुळे एकाच हंगामापुरते चमकणारे पिचर पुढेही वाढतच जाणार.

करारांवर परिणाम

२०१९ मध्ये कमी हवारोध असलेल्या चेंडूने एका हंगामात ६,७७६ होम रन झाले. २०१८ मध्ये ५,५८५ होते. त्या वर्षी कारकिर्दीतले सर्वाधिक होम रन मारणाऱ्या अनेकांना नंतर तो आकडा गाठता आला नाही. लॉस एंजेलिसच्या कोडी बेलिंजरने .३०५ आणि ४७ होम रनांसह नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला. ऑक्टोबर २०२० मध्ये होम रनचा आनंद साजरा करताना त्याचा खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली आणि २०२१ मध्ये सरासरी .१६५ झाली. २०२२ नंतर संघाने त्याला सोडले. २०२३ मध्ये शिकागोकडून त्याने स्ट्राइकआउटचे प्रमाण २७ टक्क्यांवरून १६ टक्क्यांपर्यंत खाली आणले आणि .३०७, २६ होम रन केले. पण चेंडू बॅटवरून सुटण्याचा वेग मामुली होता आणि अपेक्षित आकडे प्रत्यक्षाच्या बरेच खाली. त्यामुळे मोठ्या कराराची बोली कोणी लावली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो तीन वर्षांसाठी ८ कोटी डॉलरवर, दर वर्षी बाहेर पडण्याच्या मुभेसह, शिकागोकडेच राहिला. २०२४ मध्ये त्याने .२६६ आणि १८ होम रन केले.